चहालाही नको

शुक्रवार, १४ मार्च १९९७ रोजी पाणीपुरवठा कार्यालयाच्या फळ्यावर चार ओळींची सूचना लागली. तिची प्रत आजही पाहता येते. दप्तरातल्या त्याआधीच्या सूचना पानभर लांबीच्या आहेत.

मजकूर टंकलेखिका बाईंचा. तोवर त्यांनी साहेबांचे मजकूर निमूटपणे टाइप केले होते. कधी गंमत म्हणून एखादा सासूबाईंना वाचून दाखवीत. “छान आहे गं,” सासूबाई म्हणत, “लगेच डोळा लागतो.”

गेल्याच महिन्यात ‘जलवाहिनी दुरुस्ती प्रयोजनार्थ’ अशी सूचना लागली होती. पाणी कुणीच भरले नाही. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे राहिले आणि साहेब कानामागे दाढीचा वाळलेला साबण घेऊन कचेरीत आले.

“साहेब, सूचनेवर सही तुमचीच होती.”

“सही करताना वाचतं कोण, बाई?” साहेब स्वतःच हसत सुटले. पुढे टाकी औषधाने धुवायची ठरली, तेव्हा ते म्हणाले, “या खेपेला तुम्हीच लिहा. पण लोकांना कळलं नाही, तर गावभर पोटं बिघडतील. तेव्हा जपून.”

बाईंनी तीन ओळी लिहिल्या: ‘उद्या, शनिवारी, टाकी औषधाने धुणार आहोत. उद्या दिवसभर नळाचे पाणी पिऊ नका. पिण्याचे पाणी आजच भरून ठेवा.’ गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना समोर बसवले. अट एकच: कौतुक करायचे नाही, काय करणार ते सांगायचे.

“आज भांडी भरीन,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि उद्या?”

“उद्या नळाच्या पाण्याचं आधण ठेवीन. चहा नको का?”

“अहो आई, पिऊ नका म्हटलंय ना!”

“पाणी कुठं पितेय? चहा पितेय. उकळलं की सगळं मरतं. एवढं तुझ्या साहेबांना ठाऊक असेलच.”

खरे काय, ते बाईंनाही ठाऊक नव्हते. सकाळी साहेबांना विचारले, तर त्यांनाही माहीत नव्हते. शेवटी प्रयोगशाळेत फोन लावला. “उकळल्यानं जंतू मरतात, साहेब,” तिकडून उत्तर आले, “औषध नाही मरत.”

साहेबांनी फोन हळूच ठेवला. “इतकी वर्षं ‘प्राशनास अयोग्य’ लिहितोय. चहाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आधी तुमच्या सासूबाईंना नेमायला हवं.”

“पगार नाही परवडायचा, साहेब. चहा फार लागतो.”

चौथी ओळ वाढली: ‘उकळूनही पिऊ नका, चहालाही वापरू नका.’ दुपारपासून नळांना उसंत मिळाली नाही. बादल्या झाल्या, पातेली झाली, कुणी फुलदाण्याही भरल्या. शनिवारी कचेरीसमोरच्या चहावाल्याने पाटी लावली: ‘पाणी कालचं, चहा आजचा.’ साहेबांनी दोन कप घेतले, दुसरा पाटीच्या कौतुकापोटी.

त्या आठवड्यात पोटाच्या तक्रारी वाढल्याची नोंद दवाखान्यात नाही. अर्थात नोंद नाही म्हणजे तक्रार नव्हतीच, असे म्हणता येत नाही. प्रतीवर पहिल्या तीन ओळी टाइप केलेल्या आहेत, चौथी शाईने लिहिलेली. बाई म्हणतात, ते अक्षर साहेबांचे. साहेब म्हणतात, बाईंचे. सासूबाई दोघांनाही खोटे ठरवतात. ते अक्षर कोणाचे, हे अद्याप कळलेले नाही.