कायदेशीर बाई

माझ्या हातातला कॉफीचा कप त्या बाईने काढून घेतला. अर्धा प्यायलेला. स्टुटगार्टच्या मराठी मंडळात ही गोष्ट सांगताना मी तिला कप हिसकावायला लावते, कॉफी भिंतीवर उडवते. एका गणपतीत तर छतापर्यंत उडवली होती. खरं सांगायचं तर तसं काही झालं नाही. ती "डांके", म्हणजे थँक्यू, म्हणाली, हसली आणि कप घेऊन गेली. हे जास्त वाईट होतं. म्हणून तर कॉफी उडवावी लागते.

दोन हजार बारा-तेराची गोष्ट. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इंजिनियर, मी घरात. आणि मला काहीतरी झालं होतं. काय, ते मराठीतही सांगता येत नव्हतं. सकाळी वॉशिंग मशीनसमोर फरशीवर बसायचे, ती संध्याकाळी दाराची किल्ली वाजली की उठायचे. तेवढ्या वेळात अख्ख्या चाळीचे कपडे धुऊन निघाले असते. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: थेरपी, तातडीने. 'तातडीने'च्या खाली दोन रेघा.

चिठ्ठी घेऊन मी टेकडीवरच्या एका थेरपिस्टच्या प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, गेले. एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरलं की पायऱ्याच पायऱ्या. या गावात श्रीमंत लोक टेकडीवर राहतात आणि पायऱ्या आपल्यासाठी ठेवतात. चार हजार होत्या. बरं, चारशे. पण फरशीवरून उठून आलेल्या बाईला चार हजारच.

वर पांढरी खुर्ची, ऑर्किड, कॉफी. टेबलामागच्या बाईने विचारलं, "प्रिवाट ओडर गेझेट्सलिख?"

गेझेट्स म्हणजे कायदा, एवढं मी भाषेच्या वर्गात शिकले होते. म्हणजे गेझेट्सलिख, कायदेशीर. मला वाटलं, ही विचारतेय, बाई, तू या देशात रीतसर आलीस की कशी? माझा रंग बघून विचारतेय. विचारू दे. मी ताठ झाले.

"गेझेट्सलिख! गान्झ गेझेट्सलिख!" कायदेशीर! पूर्णपणे कायदेशीर!

आणि पिशवीतून पासपोर्ट काढला. व्हिसा. घराच्या नोंदणीचा कागद. लग्नाचा दाखला, पुण्याच्या गोल शिक्क्यासकट. सगळं टेबलावर मांडलं.

पेपर वाचत बसलेले एक आजोबा आधी हसले. मग टेबलामागची बाई. मग आतून थेरपिस्ट स्वतः बाहेर आल्या, फ्राऊ डॉक्टर, गळ्यात मोती. त्यांनी माझ्या लग्नाचा दाखला उचलला, उलटा धरून बघितला आणि त्याही हसल्या. बोलल्या मात्र माझ्याशी नाही, टेबलामागच्या बाईशी.

"लायडर नुअर प्रिवाट." दुर्दैवाने फक्त प्रायव्हेट.

गेझेट्सलिख म्हणजे सरकारी विम्यावाली. साध्या पगारदाराच्या घरात असतो तो विमा. त्या टेकडीवर तो चालत नव्हता. मी कायदेशीर निघाले आणि कप परत गेला.

बरी झाले का? नाही. दुसरीकडे कुठे नऊ महिने थांबा, कुठे वर्षभर थांबा. शेवटी मी थांबणं सोडलं आणि जर्मन शिकले. रागावलेल्या माणसाला भाषा फार पटकन येते.

चार वर्षांनी त्याच प्रॅक्टिसची जाहिरात दिसली. फोन घ्यायला कुणीतरी हवं होतं. मी मुद्दाम अर्ज केला. मला बघायचं होतं, त्या टेबलाच्या पलीकडून माणूस कसा दिसतो. फ्राऊ डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. "तुमचं जर्मन किती सुंदर!" म्हणाल्या.

माणूस कसा दिसतो, सांगते. दिसतच नाही. फोन वाजतो, तुम्ही तो प्रश्न विचारता, पलीकडचा उत्तर देतो, तुम्ही "लायडर" म्हणता. पहिल्या दिवशी प्रत्येक 'लायडर'नंतर मी माफी मागितली. तिसऱ्या दिवशी मी केळं सोलता सोलता म्हणत होते. दोन वर्षं. निम्म्या जर्मनीला मी नाही म्हटलंय. तुमच्याइतकं गोड 'लायडर' कुणाला जमत नाही, असं फ्राऊ डॉक्टर म्हणायच्या. आणि मला, सांगायला लाज वाटते, ते आवडायचं.

मग एका मंगळवारी सकाळी फोन आला. कुणी बाई, अडखळत बोलणारी. मी प्रश्न विचारला.

"गेझेट्सलिख," ती घाईघाईने म्हणाली. "आलेस गेझेट्सलिख. व्हिसा आउख." सगळं कायदेशीर. व्हिसासुद्धा.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "लायडर नुअर प्रिवाट."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती पलीकडे कुणाला तरी म्हणाली. मराठीत.

"अहो, इथे कायदेशीर माणसांना घेत नाहीत म्हणे."

हे वाक्य मी कधीच वाढवून सांगत नाही. त्यात वाढवायला जागाच नाही.

मी उलटा फोन लावला. "ताई, मी मघाचीच. मराठी आहे."

ती म्हणाली, "मग मघाशी का नाही बोललात?"

त्याला बगल देऊन मी विचारलं,

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही हो. उठवत नाही."

मी सरळ आत गेले. फ्राऊ डॉक्टर सफरचंद खात होत्या.

"तो प्रश्न मी यापुढे विचारणार नाही."

"कोणता?"

"प्रिवाट की गेझेट्सलिख."

"मग कोण विचारणार?"

"तुम्ही."

"आल्झो," त्यांनी सफरचंद खाली ठेवलं, "म्हणजे बघा, मी समाजकल्याण खातं उघडलेलं नाही. सरकारी विम्याशी माझा करारच नाही."

"करार लागत नाही. करार असलेल्या थेरपिस्टांकडे जागा नाही, हे पेशंटने दाखवून दिलं तर विम्याकडे तुमच्यासाठी अर्ज करता येतो. दर कमी, कागद जास्त. कागद मी करीन."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मी कायदेशीर बाई आहे," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. मी समजावलंही नाही.

तीन दिवस फोन त्यांनी स्वतः घेतले. भिंतीतून ऐकू यायचं. लायडर. लायडर. शुक्रवारी बाहेर आल्या तेव्हा गळ्यातले मोतीसुद्धा थकलेले दिसत होते.

"हे लोक रोज फोन करतात?"

"हो."

"इतके?"

"आज जरा कमीच होते."

"एक तास," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दोन वाजता. तो तसाही रिकामा असतो."

त्यांचं मन वगैरे काही पालटलं नव्हतं. उरलेला तास होता. पण मी घेतला.

मग माझ्या सुट्टीच्या बुधवारी ताईंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही नकार गोळा केले. करार असलेल्या एकेका थेरपिस्टला फोन. नाव, तारीख, वेळ, किती महिने थांबा. दोनशे पानी वही भरली. बरं, सहा पानं. इतकी वर्षं आम्ही दोघींनी गिळलेले नकार पहिल्यांदा कशाच्या तरी कामाला येत होते. ताई एकदा हसल्यासुद्धा. "नाही म्हणाले की बरं वाटतंय हो आता!"

अर्ज गेला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. नामंजूर. आपल्या परिसरात पुरेसे थेरपिस्ट उपलब्ध आहेत. आम्ही हरकतीचं पत्र पाठवलं, वहीची प्रत जोडून. त्याला अजून उत्तर नाही.

ताई आता फोनवर येत नाहीत. त्यांचे मिस्टर घेतात. "झोपलीय हो," म्हणतात. भर दुपारी बारा वाजता. ती झोप मला माहीत आहे. आमच्या घरी ती वॉशिंग मशीनसमोर असायची.

हरकत मान्य होईल असं मला वाटत नाही. झालीच, तरी ताई तोवर त्या पायऱ्या चढण्याच्या स्थितीत राहतील का, सांगता येत नाही.

शुक्रवारी दोनच्या रकान्यात मी दर आठवड्याला त्यांचं नाव लिहिते. पेन्सिलने नाही, शाईने. परवा फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, हा तास वाया जातोय, एका प्रायव्हेट पेशंटला देऊन टाकू या.

"लायडर," मी म्हणाले. माझ्या सगळ्यात गोड आवाजात.

फोन वाजतातच. मी आता आधी नाव विचारते. मग सांगते, आमच्याकडे एकच तास आहे आणि तो एका बाईंचा आहे. खोटी आशा देत नाही. पण लगेच ठेवतही नाही. वही आणा, म्हणते, मी थांबते. जो जो नाही म्हणेल त्याचं नाव लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा. तोंडी नकार घेऊन पायऱ्या उतरायच्या नाहीत.