पट्ट्याचं पित्त

अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, पित्त उठलं. या एका शब्दाने माझी सहा महिने दिशाभूल केली. पित्त म्हटलं की माणूस पोटाकडे बघतो आणि शेवटचं काय खाल्लं याचा तपास सुरू होतो.

मी कर्जतहून डोंगरातल्या एका आदिवासी वाडीवर शिकवायला जाते. शाळेशेजारच्या मावशी दुपारी नाचणीची भाकरी आणि रानातून आणलेली भाजी आग्रहाने वाढायच्या. संध्याकाळी घरी आले की माझ्या उजव्या खांद्यावर पंजाएवढी सूज, तापलेली, दुखरी. आमसुलाचं पाणी चोळता चोळता आईने निकाल दिला, "त्या रानभाज्या आधी बंद कर." मीही शहाणी, डबा न्यायला लागले. मावशींना म्हटलं, मला पित्त आहे. त्यांनी वाढलेलं ताट उचलून आत नेलं.

भाजी बंद झाली, सूज काही थांबेना. राग आला आणि गंमतही वाटली. उजवाच खांदा का? पोट काय खांदा बघून बिघडतं? एक दिवस रोज उजव्या खांद्यावर असणारी वह्यांची बॅग मुद्दाम डाव्या खांद्याला अडकवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. पाच तासांनी डावा खांदा फुगला. मला चक्क आनंद झाला.

"दाबाने उठणाऱ्या गांधी," त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या. "दाब सकाळी, सूज संध्याकाळी. मधल्या मधे दोष जेवणावर जातो." त्यांनी अॅलर्जीची, फारशी झोप न आणणारी गोळी दिली. सूज आली की मी ती घ्यायचे आणि गुण येत नाही म्हणून तिला नावं ठेवायचे. मग कळलं, सूज असो वा नसो, ती रोज घ्यायची. तशी घेतल्यावर निम्मा फरक पडला. पुढे त्यांनीच डोस वाढवला, मी रुंद पट्ट्याची बॅग घेतली आणि खांदे निवळले.

मग एक दिवस डबा न घेता गेले आणि दुपारी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या आतून बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या.

"घ्या बाई. दुकानातला हाय. आमचा हात नाय लागला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खांदा दाखवला, पट्टा दाखवला, दाबाचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आसंल," म्हणाल्या. माझ्या हातातला पुडा मात्र त्यांनी परत मागितला नाही, की भाकरी वाढली नाही.