मांदेलीचा उरलेला डोळा

ओवे गावातल्या भामाच्या घरी मांजरांना माशांची नावं असतात. तिचं माहेर उरणजवळच्या मोरा बंदरातलं, बाप मासेमारीच्या मचव्यावर. म्हणून काळा बोका तो निवटा, लांबुडकी ती वाकटी आणि पिवळसर सोनेरी अंगाची ती मांदेली. मासळीबाजाराच्या गटाराकडेला मांदेली सापडली तेव्हा मुठीएवढी होती, डोळे पुवाने चिकटलेले. डावा गेला. उजवा तेवढा वाचला.

अशा पिल्लांचं करण्यात भामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाणी उकळून कोमट करायचं, कापूस भिजवायचा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. आजाऱ्याची वाटी वेगळी, फडकं वेगळं. नवीन पनवेलच्या डॉक्टर कादंबरीने शिकवलेलं हे सारं ती सोवळ्यासारखं पाळी. डॉक्टरही आजारी पिल्लं तिच्याकडे सांभाळायला देई आणि चारचौघांत म्हणे, "या मावशींकडून शिका."

तिनेच एकदा सांगितलं होतं, "मावशी, पिल्लांचे डोळे असे करणारा विषाणू अंगातून कायमचा जात नाही. गप्प पडून असतो. मांजर घाबरलं की उठतो."

शेजारच्या प्लॉटवर इमारतीचे खांब जमिनीत ठोकणारं पायलिंगचं मशीन आलं आणि भामाला डॉक्टरचं ते बोलणं आठवलं. पहिल्या दणक्याला मांडणीवरची भांडी वाजली. मांदेली कपाटाखाली शिरली ती दोन दिवस निघाली नाही. गुरुवारी भामाने तिला ओढून काढलं, तर उजवा डोळा लाल, पाणी गळतंय.

डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेली. आणि फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, नवऱ्याच्या, बळीरामच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची उरलेली ड्रॉपची बाटली. माणसाला चाललं ते मांजराला का चालणार नाही? भामाने दोन थेंब घातले. दुसऱ्या दिवशी लाली उतरली.

"बग माझी डॉक्टरकी," ती म्हणाली.

"माझ्या डोल्याचं औषध मांजरीला," बळीराम म्हणाला. "उद्या माझा चष्मा पन दे."

ती हसली आणि थेंब घालत राहिली. रविवारी सकाळी तिने मांदेलीचं तोंड उजेडाकडे वळवलं. बुबुळावर धुरकट ठिपका होता.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच ती पायरीवर बसली होती. मांडीवर टोपलीत मांदेली, पदराखाली ती बाटली. डॉक्टरने डोळ्यात जखम दाखवणारा पिवळा रंग सोडला, निळा दिवा धरला. ठिपका हिरवागार पेटला, तांदळाच्या दाण्याएवढा.

"जखम आहे. खोल आहे." डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "चार दिवसांत एवढी? मावशी, काही घातलं होतंत?"

"नाय."

तोंडातून गेलं ते गेलं. गेल्या महिन्यात एका बाईने मांजराला घरातलं औषध दिलं होतं, तेव्हा डॉक्टर तिला सगळ्यांदेखत काय बोलली ते भामाने ऐकलं होतं. "तुमच्याकडे पुन्हा पिल्लू देणार नाही," असंही म्हणाली होती.

"मग अवघड आहे," डॉक्टर म्हणाली. "कारण नसताना इतक्या वेगाने वाढत असेल तर डोळा फुटेल. त्यापेक्षा काढलेला बरा. दुखणं तरी थांबेल."

मांदेलीने आवाजाकडे तोंड केलं आणि भामाच्या बोटाला नाक लावलं. तिला दिसत होतं की वासाने कळलं, भामाला समजेना. तिने पदराखालची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरीनबाय, खोटं बोलले. ह्ये घातलं. तुमी मला मांजरं देऊ नका, पन तिचा डोला काढू नका."

डॉक्टरने लेबल वाचलं. परत वाचलं. ती रागावली असती तर बरं, असं भामाला झालं.

"यात स्टिरॉइड आहे," ती अखेर म्हणाली. "लाली उतरली ती बरं झालं म्हणून नाही. अंगाचं लढणंच यानं थांबवलं, विषाणूला रान मोकळं झालं." मग श्वास सोडून म्हणाली, "पण कारण कळलं. आता थांबून बघता येईल. हे बंद. मी देते ते दर दोन तासांनी. शुक्रवारी या."

ते चार दिवस भामाने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. मशीनचा दणका बसला की ती मांदेलीला छातीशी धरी आणि तिच्या कानांवर पदर ओढी.

शुक्रवारी निळा दिवा लागला तेव्हा ती भिंतीकडे बघत राहिली.

"मावशी, इकडे बघा. कडा भरतायत."

हिरवा ठिपका मोहरीएवढा उरला होता.

"आनि परत दनके बसले तर?"

"परत उठू शकतो," डॉक्टर म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती.

भामा बाहेर आली आणि तिने बळीरामला फोन लावला. "मी मांदेलीला घेऊन मोऱ्याला जाते. कमलाकरकडे." कमलाकर तिचा भाऊ.

"किती दिस?"

"मशीन बंद होईस्तोवर."

"आनि माझं जेवन?"

"फ्रीजमदी लोनचं हाय. निवट्याला, वाकटीला भात घाल नि तू पन जेव."

उरणच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मागच्या थेंबांना दोन तास झाले तेव्हा तिने नवी बाटली काढली, उजेडात धरली आणि डॉक्टरने मराठीत लिहून चिकटवलेलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. एसटी पुढच्या थांब्यावर उभी राहीपर्यंत तिने थेंब सोडला नाही.