कंपनीचं पॅकिंग

आमच्या मुरबे गावात कंपनीतून आलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही. बोईसरच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं बूट आणतात, हातमोजे आणतात, दोर आणतात. एक मासळी सोडली तर सगळं कंपनीतूनच येतं. दादाने तसाच रबराचा एक जाड तुकडा आणला आणि बोटीच्या इंजिनाचा डिझेल पंप पुन्हा बसवताना बाबांनी पंप आणि इंजिनाच्या मध्ये त्याचं पॅकिंग कापून घातलं. "कंपनीचा माल हाय, गलनार नाय."

गळलं नाहीच. इंजिनही चाललं नाही. पंपाची दांडी हाताने हलवली की डिझेल यायचं, इंजिन धडधडायचं आणि जरा वेळाने बंद पडायचं. बाबांनी पंपातला पडदा बदलला, नळीतली हवा काढली, शेवटी इंजिनालाच शिव्या घातल्या. दादाने बजावलं होतं, नारळी पुनवेपर्यंत चालू झालं नाही तर बोट विकायची. मला ती बोट हवी होती. बाबांबरोबर दर्यावर जाणारी मीच. दादाला लाट दिसली तरी उलटी येते. पण आमच्या घरात पोरीला विचारतो कोण?

हाताने डिझेल येतं आणि इंजिन फिरताना येत नाही, म्हणजे पंप धड आहे. इंजिनाच्या आत फिरत त्याला ढकलणारा कॅम त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्या जाड रबराने पंपच मागे सरकवला होता. मी बाबांना म्हटलं, रबर काढा.

"तुज्या दादानं आनलाय तो," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

मग मीच बोल्ट सोडले, रबर भिरकावलं आणि पुठ्ठ्याचं पातळ पॅकिंग कापून ग्रीस लावून बसवलं. इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. मला रडूच आलं.

आवाज ऐकून बाबा खरकट्या हाताने धावत आले, मागोमाग दादा. आयत्या बिळावरचा नागोबाच तो. फोन काढून इंजिनासमोर धरला आणि कुणाला तरी ओरडून सांगू लागला, "देखो, एकदम चालू है! कल आके ले जाओ."

"पुनवेपर्यंत चालू झालं तर ठेवायची होती ना?" मी किंचाळले.

"चालू झालं म्हनून तर गिराईक येतंय," दादा हसला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न बघता वाकून इंजिन बंद केलं.

"डिझेल जालू नको, बाय," ते म्हणाले. "टाकी भरून द्यायची ठरलीय."