उजव्या कानाची सहल

गाडीत मी नेहमी डावीकडे बसते, कारण माझा चालू कान उजवा आहे. डावा लहानपणीच गेला. नागपूरला दुसरीत असताना मला गालगुंडं झाली, ती यथावकाश उतरली आणि जाताना एक कान घेऊन गेली. उरलेल्या कानावर मी शाळा, कॉलेज, हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी आणि लग्न असं सगळं निभावून नेलं. मग पन्नाशी ओलांडल्यावर तोही कुरकुर करायला लागला. त्यामुळे लीड्समध्ये आमची गाडी नवराच चालवतो. मी चालवायला बसले की माझा बंद कान त्याच्या बाजूला येतो, मग तो डावीकडे म्हणतो आणि मी सरळ जाते.

या नवऱ्याला मी आधी कानानं पसंत केलं होतं. तो लीड्सला होता, मी नागपुरात. त्यानं पाठवलेल्या फोटोत तो एका पुलाखाली इतका लांब उभा होता की पूलच जास्त दिसत होता. पण फोनवरचा आवाज मात्र जवळचा होता. जरा जाडसर, न घाई करणारा, वाक्याच्या शेवटी स्वतःच्याच बोलण्यावर हसू आल्यासारखा. काही महिने तो आवाज रोज ऐकल्यावर माणूस बघायची मला फारशी घाई उरली नाही. हे मी त्याला बरीच वर्षं सांगितलं नव्हतं, उगाच शेफारला असता.

गेल्या वर्षी वसंतात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता कानात घालायच्या साध्या मशीनचा उपयोग संपत आला आहे, ऑपरेशन करून आत इम्प्लांट बसवावं लागेल. करायचं तर उजव्याच कानाचं, कारण इतकी वर्षं बंद पडलेल्या डाव्याकडून फार आशा नव्हती. उजव्यात जे थोडंफार मूळचं ऐकू येतं ते बहुधा जाईल. त्याच्या जागी वेगळ्या तऱ्हेचं ऐकू येईल, सुरुवातीला यांत्रिक, मग मेंदू हळूहळू शिकेल. "माणसांचे आवाज पुन्हा पहिल्यासारखे वाटतील का?" मी विचारलं. पुष्कळांना वाटतात, पण वचन देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. प्रामाणिक बाई. मला त्या क्षणी त्यांचा प्रामाणिकपणा अजिबात आवडला नाही. दोन आठवड्यांत कळवते म्हणून मी उठले.

मुलगी ब्रिस्टलला असते. तिचा मेसेज आला, "आई, तू ओव्हरथिंक करते. जस्ट कर ना. माझं फुल सपोर्ट आहे." नवरा म्हणाला, "निर्णय तुझा. मी काही बोलणार नाही." आणि खरोखर बोलला नाही. तो कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, रस्ते विभागात इंजिनिअर आहे. रस्त्यावरून भांडणाऱ्या दोन मोहल्ल्यांच्या मध्ये बसून चेहरा कोरा ठेवायची त्याला सवय आहे, तोच चेहरा त्यानं घरी आणला. मला तो फोडावासा वाटत होता.

शेवटी मीच म्हटलं, मला कुठेतरी शांत जागी घेऊन चल. हॉटेल नको, तिथे म्युझिक असतं, काचेच्या खोल्या घुमतात, कपबशा आदळतात. मला अजून ऐकू येतं, पण मागे कसलाही आवाज नसेल तरच, समोर ओळखीचं माणूस असेल तरच. त्यानं जेवणाच्या टेबलावर ब्रिटनचा नकाशा पसरला आणि ज्या कोपऱ्यात रस्त्यांच्या रेघा सगळ्यात विरळ होत्या त्यावर बोट ठेवलं. स्कॉटलंडचा वायव्य कोपरा. तिथे मोकळ्या जागी तंबू ठोकायला परवानगी लागत नाही. आम्ही दोघांनी जन्मात कधी तंबू ठोकला नव्हता. तो त्यानं आधी आमच्या मागच्या अंगणात दोनदा ठोकून बघितला, शेजारीण कुंपणावरून बघत होती.

इनव्हर्नेस हे शेवटचं मोठं शहर मागे पडलं आणि रस्ता अरुंद होत होत शेवटी एकाच गाडीपुरता उरला. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, विजेचा खांबही नाही. नुसते तपकिरी माळ, त्यांत काळं साचलेलं पाणी, आणि मधेच एकटा उभा असलेला एखादा डोंगर, ज्याला शेजारी कुणीच नको होतं. ठिकठिकाणी पिवळी काटेरी झुडपं फुलली होती. मी विदर्भातली, मोकळी जमीन मला नवी नाही. पण ही जमीन कुणाच्या कामाची नव्हती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला फार आवडलं. मी काच खाली केली. काहीही ऐकू आलं नाही, आणि त्यात माझ्या कानाचा दोष नव्हता.

अशा रस्त्यावर समोरून गाडी आली की कुणीतरी एकानं बाजूला काढलेल्या रुंद जागेत थांबायचं, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. जाणारा हात करून आभार मानतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रकवाला हात करून गेला आणि नवरा म्हणाला, "हा इथलाच. एकच बोट उचललं बघ, स्टिअरिंगवरून. पूर्ण पंजा दाखवतात ते इनव्हर्नेसचे. आणि ते कॅम्परव्हॅनवाले लग्नात निरोप देतात तसा हात हलवतात."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं होतं. गाडी सावकाश चालली होती, काचा बंद होत्या, उजवा कान त्याच्याकडे होता, आणि मला ते जसंच्या तसं ऐकू आलं होतं. ते वाक्य अगदी निरुपयोगी होतं. असं वाक्य त्यानं मला किती दिवसांत सांगितलं नव्हतं.

घरी तो माझ्याशी कसा बोलतो ते सांगायला हवं. आधी समोर येतो. खांद्याला हात लावतो. मी वर बघितलं की सावकाश, ओठ स्पष्ट हलवत सांगतो, "बॉयलरवाला चारला येणार आहे." मी त्याला बातम्या म्हणते. त्याच्या या पद्धतीचं डॉक्टरीणबाईंनीसुद्धा कौतुक केलं होतं, आणि खरंच, इतक्या वर्षांत तो एकदाही चिडला नाही, ओरडला नाही, मुलीला मात्र माझ्या पाठीमागून बोलली म्हणून रागावलेला मी बघितला आहे. एवढा धीर माझ्यात नाही. पण बातम्यांत माणूस कामाचंच सांगतो. ट्रकवाल्याचं बोट बातम्यांत येत नाही.

त्या माळावर मात्र तो सुटलाच. कोमट डांबरावर आडव्या पसरलेल्या मेंढ्यांना तो "साइट इन्स्पेक्टर" म्हणायला लागला. पाणी रस्त्याखालून जाण्यासाठी कुणीतरी जुन्या काळी दगडी मोरी बांधली होती, ती बघायला त्यानं गाडी थांबवली आणि पोटावर पडून आत डोकावला. "सिमेंटचा कण नाही गं. आणि आम्ही लीड्समध्ये दर वर्षी एकच खड्डा बुजवतो." मी हसले तसा त्याला चेव आला. पुढची मोरी, मग त्याच्या साहेबांची नक्कल, मग त्याच्या लहानपणी साताऱ्याला एसटीच्या टपावरून पडलेल्या फणसाची गोष्ट. ती गोष्ट मी ऐकलेली होती. तरी पूर्ण ऐकली.

संध्याकाळी आम्ही एका लॉखच्या काठी तंबू ठोकला. लॉख म्हणजे तळंच, पण त्या काळ्या निवांत पाण्याला तळं म्हणायला जीभ धजत नाही. गॅसच्या लहानशा शेगडीवर मी पिठलं केलं. तिथे मेमध्ये उजेड मावळतच नाही, जेवणं झाली तरी समोरचा डोंगर स्वच्छ दिसत होता. चिलटांनी आमचे कान आणि मनगटं फोडून काढली, त्यांनी माझ्या दोन्ही कानांत भेदभाव केला नाही. तेवढ्यात पलीकडून कुक्कू पक्षी ओरडला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून माझ्या कानाला तो पेलतो. दोन सूर, थोडं थांबून पुन्हा दोन सूर. नवऱ्यानं नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. माझे डोळे भरून आले आणि मी चिलटांच्या नावानं ते पुसले.

"ऑपरेशन नको," मी म्हटलं. "आहे ते पुरे. आपण इथेच येऊन राहू. तू मोऱ्या दुरुस्त कर."

त्यानं पिठल्याची कढई खरवडली. तेव्हा मला वाटलं, त्याला पटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही थेट उत्तरेच्या किनाऱ्याला पोचलो आणि वारा सुरू झाला. वाळू पांढरीशुभ्र, पाणी कोकणात शोभेल असं हिरवं, आणि वारा असा की अंगावर रेलावं. वाऱ्यात माझ्या मशीनमध्ये नुसती घरघर होते, म्हणून मी ते काढून खिशात ठेवलं. ठार शांतता. तो पुढे चालत होता. मधेच तो थबकून मागे वळला. माझ्या मागे कुठेतरी बघून त्याचा चेहरा फुलला, हात वर गेला, तोंड उघडलं. मग त्याला माझा मोकळा कान दिसला. त्यानं तोंड मिटलं, हातानंच 'काही नाही' अशी खूण केली. मग समोर आला, खांद्याला हात लावला आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "पाऊस येतोय. गाडीत जाऊ."

मला इतका राग आला की मी गाडीपर्यंत त्याचा हात धरला नाही. गाडीत बसून दारं लावली, मशीन कानात घातलं आणि विचारलं, "मघाशी काय सांगत होतास?"

"कधी? काही विशेष नाही."

"विशेष नको. जे होतं ते सांग."

त्यानं जरा आठवलं. "एक मेंढी होती. तिच्या तोंडात समुद्राचं शेवाळ होतं."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हा गंमत वाटली."

काचेवर पाऊस आदळायला लागला आणि त्यात त्याचा आवाज पुन्हा बुडाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ते किती वेळा असं मिटलं असेल, आमच्या स्वयंपाकघरात पंखा चालू असताना, बाजारात, कुणाच्या लग्नात. ती मेंढी मला तेव्हाच हवी होती, तिथेच, वाऱ्यात, त्याला गंमत वाटत असताना. कुठल्याही आवाजात, अगदी यांत्रिक आवाजात सांगितलेलीसुद्धा चालली असती. तो माळ कितीही सुंदर असला तरी तिथेही वारा सुटणारच होता, आणि त्यावर माझ्याजवळ काही उपाय नव्हता.

पाऊस ओसरल्यावर मी सांगितलं, "मी ऑपरेशन करणार आहे."

कोरा चेहरा एकदम गळून पडला. मला वाटलं तो खूश होईल. पण तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत म्हणाला, "मला भीती वाटते गं. मी न्यूट्रल वगैरे काही नव्हतो. उद्या मशीन लावल्यावर मी बोललो आणि तुला ते आवडलंच नाही तर? तुझ्याजवळ माझं दुसरं काय आहे? दिसायला तर तो फोटो तू बघितलाच होतास."

मी त्याला शेफारू न देण्याचं व्रत तिथे मोडलं. त्याच्या आवाजाबद्दल जे जे मनात होतं ते सगळं सांगितलं, नागपूरच्या फोनपासून. तो लाजला. पन्नाशी उलटलेला गडी, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

परतीच्या वाटेवर मी त्याला बजावलं, आता थांबायचं नाही, जे सुचेल ते बोल. त्यानं आज्ञा इतकी मनावर घेतली की लीड्सला पोचेपर्यंत त्याचा घसा पार बसला. जो आवाज साठवून ठेवायचा म्हणून मी एवढा आटापिटा केला, तो शेवटच्या दिवशी फाटक्या चाळणीतून आल्यासारखा येत होता. मी हसून हसून बेजार झाले. त्यालाही हसायचं होतं, पण नुसती हवा निघाली.

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी मशीन सुरू करायला बोलावलं. तंत्रज्ञ बाईंनी बटणं दाबली आणि कानात पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं काहीतरी सुरू झालं. ते त्यांचं बोलणं होतं. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही काहीतरी बोला.

तो उठला. समोर आला. खांद्यावर हात ठेवला, ओठ जुळवले. मला समजलं की आता बातमी येणार, तीही बहुधा पाठ करून आणलेली. मग त्याची नजर माझ्या डोक्यावरून खिडकीकडे गेली. चेहरा तसाच फुलला. आणि या वेळी तो थांबला नाही, तिकडेच बघत भराभर काहीतरी बोलून गेला. मला सगळा खडखडाट ऐकू आला. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, कुणाचाच नव्हता. त्यात मला एकच शब्द लागला, कबुतर.

"काय कबुतर?" मी विचारलं.

त्याचा हात 'काही नाही' म्हणायला उचलला गेला होता. तो त्यानं खाली घेतला, खुर्ची माझ्या उजव्या बाजूला ओढली आणि खिडकीबाहेरच्या वळचणीत घरटं करणाऱ्या, एकच काडी पुन्हा पुन्हा खाली पाडणाऱ्या त्या मूर्ख कबुतराबद्दल मला पहिल्यापासून सगळं सांगायला लागला.