थिजलेलं खोबरेल आणि आनंदाचं विमान

लालबागच्या त्या चाळीत आनंदाला कुणी आनंदा म्हणत नसे. सगळे 'पायलट' म्हणत. त्यात मान किती आणि मस्करी किती, ते बोलणाऱ्यावर होतं. खालचा इस्त्रीवाला म्हणाला तर मान. समोरच्या खोलीतला गणपत म्हणाला तर सगळी मस्करीच, आणि वर एक शिट्टी.

आनंदा विमान उडवत नव्हता. पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या धावपट्टीच्या कडेला एक फ्लाइंग क्लब होता. तिथल्या दोन माणसं बसतील एवढ्याशा विमानांची इंजिनं तो राखायचा. पण त्याच्या तोंडून ते काम असं बाहेर पडे, की ऐकणाऱ्याला वाटावं, दुबईला जाणारं अख्खं विमान हा माणूस रोज सकाळी कान पिरगाळून उठवतो.

गणपत बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याला हे सोसवत नसे.

"सिलिंडर किती?" तो गॅलरीत दात घासता घासता विचारी.

"चार."

"म्हणजे रिक्षाचा मोठा भाऊ."

"रिक्षा?" आनंदाच्या तोंडातला चहा बशीत परत येई. "ओ गणपतराव, आमच्या इंजिनाची डोकी पाण्यानं थंड होतात आणि धड वाऱ्यानं. डोक्यातनं रबरी होजपाईप फिरतात, पाणी खेळवतात. आहे तुमच्या बसमध्ये?"

आतून अंबिकेचा आवाज येई, "आमच्याकडे उलटा आसा. धड न्हाणीत थंड होता आणि डोक्यात नुसतो वारो."

अंबिका, आनंदाची बायको. माहेर मालवणचं, आवाज त्याहून लांब पोचणारा.

आनंदाचा खास विषय मात्र वेगळाच होता. कडाक्याच्या थंडीत इंजिन कसं सुरू करावं. इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक कुठल्या तरी बर्फाच्या देशातलं. त्यात थंडीवर एक अख्खं प्रकरण. बाकीची प्रकरणं आनंदानं कामापुरती वाचली, हे मात्र पाठ केलं. सार्वजनिक नळावर बाया हंडे लावून उभ्या असल्या, की हा बनियनवर, घामानं निथळत, गारठ्याचं प्रात्यक्षिक देई.

"आधी स्विच बंद. मग नाकावरचा पंखा हातानं फिरवायचा. हळू. टाकीतून ढेकर येईपर्यंत."

"ढेकर?"

"ढेकर. तेल फिरून टाकीत परत आलं की टाकी ढेकर देते. मगच तेल मोजायचं. मग चोक ओढायचा, पण थ्रॉटल, म्हणजे रेस, पूर्ण बंद. थ्रॉटल जरा उघडा राहिला की चोक गेला गावाला! आणि इंजिन लागलं म्हणून लगेच पळवायचं नाही. तेल गरम होऊ द्यायचं. थंड तेल म्हणजे झोपेतनं उठवलेला सरकारी माणूस. उठतो, पण हलत नाही."

प्रश्न एकच होता. मुंबईत थंडी पडते कधी?

त्यावर आनंदाचा शोध असा. लालबागमध्ये थंडी हवामान खात्याच्या सांगण्यानं येत नाही, ती खोबरेलाच्या बाटलीत येते. ज्या सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, आणि पोरी वेणीसाठी ती गॅसजवळ नेऊन धरतात, त्या सकाळी ट्रंकेतून स्वेटर निघतात आणि माणसं एकमेकांना "काय थंडी हो!" म्हणायला मोकळी होतात. आनंदानं हाच नियम कामावर नेला. विमानांच्या शेडच्या, म्हणजे हँगरच्या खिडकीत त्यानं खोबरेलाची बाटली ठेवली. तेल थिजलं की थंडी जाहीर. लगेच विमानाच्या नाकावर गोधडी. गोधडी अंबिकेनं शिवलेली, मधोमध तिच्या जुन्या साडीतला मोर. खोबरेलही तिच्याच फळीवरचं. दर थंडीत एक बाटली कमी भरते म्हणून ती शेजारणींवर संशय घेत असे.

क्लबचे प्रमुख कॅप्टन धनेश यांनी पहिल्यांदा मोर पाहिला तेव्हा ते ओरडले. "आनंदा, व्हॉट इज धिस? विमान आहे की बाळंतीण?"

पण आनंदानं बाटलीचं शास्त्र सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात परदेशी पाहुणे आले, तेव्हा कॅप्टनसाहेब खिशात हात घालून त्यांना सांगत होते, "सी, वुई हॅव डेव्हलप्ड अ लोकल स्टँडर्ड. वुई कॉल इट द कोकोनट इंडेक्स." पाहुण्यांनी बाटलीचा फोटो घेतला.

क्लबात एक इंजिनिअरही होते, विनीतसाहेब. लायसन्स त्यांचं, खुर्ची त्यांची, सही त्यांची. आनंदानं काम करायचं, विनीतसाहेबांनी खुर्चीतून मान तिरकी करून म्हणायचं, "दिसतंय, दिसतंय," आणि सही करायची. इतक्या लांबून काय दिसत होतं, ते त्यांनाच माहीत.

जानेवारीत क्लबचा वार्षिक दिवस आला आणि कॅप्टन धनेश यांनी जाहीर केलं, की यंदा आनंदाच्या बायकोला विमानातून एक चक्कर मिळणार.

आनंदा घरी आला तो जिने चढून नव्हे, उडतच. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यानं अंबिकेला शब्द दिला होता, की तुला माझ्या विमानातनं फिरवीन. त्यानंतर दर दिवाळीला अंबिका फराळाच्या ताटाबरोबर त्याची आठवण वाढत असे. त्यातच गणपतनं चाळभर पसरवलं होतं, की पायलट तिथं झाडू मारतो. एकदा जाऊन बघा, हातात खराटा नसला तर मिशी काढीन. आता बघायला सगळेच जाणार होते. अंबिका वर गेली, की गणपतचं तोंड बंद. नाही गेली, तर आनंदानं चाळीत तोंड कुठून दाखवायचं?

नेमके त्याच दिवसांत विमानाचे सगळे रबरी होज बदलायचे होते. रबर बाहेरून कितीही तुकतुकीत दिसलं तरी मुदत संपली की बदलायचं, हा नियम. आनंदानं आदल्या दिवशी सगळे बदलले. राहिला एक. सिलिंडरच्या डोक्यावरच्या नळीला बसणारा. नवं रबर, त्यात सकाळचा गारठा. होज पुढे सरकेना. पुस्तकात लिहिलं होतं, की इंजिनात जे पाणी घालता तेच बोटानं लावून होज चढवा. तेलकट काही लावू नका, रबर फुगतं आणि निसटतं. हे आनंदाला माहीत होतं. पण त्याचा अंगठा सोलवटला होता, संध्याकाळी चाळीची मीटिंग घेऊन टेम्पोत कोण कुठे बसणार ते ठरवायचं होतं, आणि समोर खिडकीत बाटली होती. तेल तुपासारखं पांढरं थिजलेलं.

कोकणातल्या माणसाला खोबरेल दिसलं आणि अडलेली वस्तू दिसली, की मधे विचार येत नाही. दाराची कडी अडली, खोबरेल. अंगठी अडली, खोबरेल. मृदंगाची वादी, बाळाची टाळू, म्हातारीचा गुडघा. आनंदानं बोटभर खोबरेल काढलं, होजच्या आतून फिरवलं, आणि होज असा सरकला जसा जावई पाटावर. त्यानं क्लिप आवळली, हिसडा देऊन बघितला. गच्च. हलेना.

हलेल कसा? आत तेल थिजून बसलं होतं.

"दिसतंय," विनीतसाहेब खुर्चीतून म्हणाले आणि सही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळ टेम्पोतून उतरली. सतरंजी, चहाचा थर्मास, चकल्यांचा डबा आणि एक नारळ. अंबिका नऊवारीत, नाकात नथ, पदर खोचलेला. गणपत हातात खराटा घेऊन आला होता. आनंदाला प्रेमानं भेट द्यायला म्हणे.

"काय पायलट, हा विसरला होतास घरी."

"हसा, हसा. आज बघा."

आनंदानं मोराची गोधडी अशी उचलली जशी मखरावरची चादर उचलतात. स्विच बंद आहे ना ते पाहून पंखा हातानं फिरवला. चाळ श्वास रोखून. टाकीनं ढेकर दिला. चाळीनं टाळ्या वाजवल्या. नळावरच्या बायांपैकी एक रडलीसुद्धा, इतकी वर्षं ऐकलेला ढेकर आज कानानं ऐकला म्हणून.

विमानापुढे नारळ फोडायचा मान सगळ्यांनी मिळून गणपतला दिला. तो मान त्याला सोडवेना आणि धरवेना. त्यानं नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं. कॅप्टन धनेश यांनी अंबिकेला शेजारी बसवलं, पट्टा बांधला. "मॅडम, डोन्ट वरी."

"वरीच जावचा आसा मां?" अंबिका म्हणाली. कॅप्टनसाहेब हसले. ती हसली नाही, तिला खरंच खात्री करायची होती.

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. आनंदानं गणपतकडे पाहिलं. गणपत खराट्याच्या काड्या मोजत होता. पंखा फिरत राहिला, तेल तापू लागलं, आणि हळूहळू एक वास पसरला. गोडसर, ओळखीचा.

"नारळाचा वास काय सुटलाय," नळावरची बाई म्हणाली. "शुभ असतं."

"प्रसादाचा वास," दुसरी म्हणाली.

पण खिडकीतून अंबिकेचं नाक बाहेर आलं, नथीसकट. तिनं एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि पंख्याच्या आवाजावर चढून ओरडली, "अवो! हो वास नारळाचो नाय! तापलेल्या खोबरेलाचो आसा! कोण पापड तळता हंय?"

चाळ हसली. कॅप्टन धनेश यांनी काट्यांवरून नजर फिरवली आणि अंगठा वर केला. सगळं ठीक. आता फक्त चाकांखालचे ठोकळे काढायचे होते, आणि ते आनंदानंच काढायचे.

फळीवरच्या बाटलीतलं ते तेल आनंदानं कढईबाहेर कधी तापलेलं बघितलं नव्हतं. आता आठवलं, ते कुठे लावलं होतं. आत तेल वितळत होतं. गच्च बसलेला होज आता लोणी लावलेल्या नळीवर बसला होता. खाली थेंब दिसला की नुसतं वाटलं? वर गेल्यावर तो निसटला तर इंजिनाच्या डोक्यातलं सगळं पाणी बाहेर, आणि नथ घातलेली अंबिका इमारतींच्या वर, इंजिन बंद पडण्याची वाट बघत.

एकीकडे हे. दुसरीकडे सतरंजीवर बसलेली चाळ, आणि खराटा.

ठोकळ्यांकडे वाकलेला आनंदा तसाच उठला. कॅप्टनसमोर जाऊन त्यानं हात गळ्यावरून आडवा फिरवला. बंद करा. कॅप्टनसाहेबांनी पुन्हा अंगठा वर केला. आनंदानं पुन्हा गळा कापला. मग तिसऱ्यांदा, दोन्ही हातांनी. पंखा थांबला.

शांततेत आनंदा म्हणाला, "साहेब, होजला मी खोबरेल लावलं."

मग त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं आणि होजला हात घातला. काल हिसड्याला न हललेला होज, क्लिपेसकट, दोन बोटांनी निघून हातात आला. गरम पाण्याची चूळ जमिनीवर पडली.

"आनंदा! व्हॉट इज..." कॅप्टनसाहेब ओरडले. मग ते विनीतसाहेबांकडे वळले. "अँड यू साइन्ड?"

"सर, दिसत तर होतं," विनीतसाहेब म्हणाले.

गणपत सतरंजीवर लोळला. "खोबरेल! अरे, विमानाची चंपी केली पायलटनं!" हसून झाल्यावर तो उभा राहिला, छाती पुढे. "मी सांगतो ऐका. आख्ख्या नोकरीत एकदा निघालेली बस मी मधे थांबवली नाय."

स्टॉपवर उभं राहून आयुष्य घालवलेल्या चाळीला ते चांगलंच माहीत होतं. एक म्हातारा पुटपुटला, "म्हणून तर आम्ही चालत यायचो."

आनंदा खाली मान घालून अंबिकेचं दार उघडायला गेला. "उतर. पुढच्या वर्षी बघू."

"मी उतरूचंय नाय," अंबिका म्हणाली.

"अगं, पण..."

"नीट बसवा तो पाईप. मी हंयच बसलंय. आणि माझा तेल चोरलात, त्याचा घरी बघूया."

मग चाळीनं आयुष्यात कधी न पाहिलेला खेळ पाहिला. आनंदानं तेल लागलेला होज फेकून दिला. नळी साबणानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. नवा होज काढला, पुस्तकात लिहिलंय तसं इंजिनातलंच पाणी बोटानं लावलं, आणि जोर लावला. होज ढिम्म. "अजून थोडा!" सतरंजीवरून कुणी ओरडलं. "डावीकडून घाल!" "फिरवून, फिरवून!" दहीहंडीला सातव्या थराला देतात तसा आवाज चाळीनं एका रबराच्या नळीला दिला. आनंदाचा सोलवटलेला अंगठा पुन्हा सोलवटला, बनियन चिकटलं, आणि शेवटी होज आपल्या जागी बसला. क्लिप आवळल्यावर एक घटना घडली, जिच्यावर क्लबात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. विनीतसाहेब खुर्चीतून उठले, चालत आले आणि त्यांनी वाकून बघितलं.

इंजिन पुन्हा सुरू झालं, तापलं, बंद केलं, तपासलं, पुन्हा सुरू केलं. कॅप्टन धनेश काट्यांकडे बघत होते. मग त्यांनी शेजारी पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, क्लिअर?"

अंबिकेनं नाक बाहेर काढलं, हुंगलं, आत घेतलं. "क्लियर."

आनंदानं ठोकळे काढले. विमान गेलं, उचललं, लहान झालं. आनंदा ते परत येईपर्यंत एकटाच उन्हात उभा राहिला. कुणी सावलीत बोलावलं तरी ऐकेना. गणपतनं न विचारता त्याच्या हातात चहा दिला आणि बाजूला उभा राहिला, खराटा पाठीमागे लपवून.

अंबिका उतरली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, वरून काय दिसलं?

"पत्रे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पत्र्यांवर निळा प्लास्टिक. आणि दर्या. लय दर्या." मग तिनं नथ सरळ केली. "त्यांच्या इंजिनाचो आवाज बरो आसा. घोरण्यापेक्षा बरो."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिनं आनंदाच्या कामाला चांगलं म्हटलेलं चाळीनं पहिल्यांदाच ऐकलं.

आता हँगरच्या खिडकीत थर्मामीटर टांगलं आहे. कॅप्टन धनेश पाहुण्यांना अजूनही कोकोनट इंडेक्स सांगतात, फक्त शेवटी "नॉट फॉर होजेस" असं जोडतात.

आणि परवा सकाळी चाळीत गारठा होता. गणपतनं आनंदाच्या दारावर टकटक केलं.

"पायलट आहेत का घरात?"

"आहे, आहे, या!" आनंदा बनियन सारखं करत उठला.

"तू नाय रे, खोबरेल," गणपत म्हणाला. "पायलट आता वहिनी. आमच्या घरी गॅसचा वास येतोय. जरा येऊन बघतील का?"