पाठीवर ठेवलेले हात

आमच्या घरी लिंबू अन् मिरची जेवणात लागते, दारावर कधी टांगली नाही. असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठून जाणारी बाई! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

मी सदुसष्ट वर्षांची. योग पुस्तकं वाचून, टीव्ही पाहून शिकले. सर्टिफिकेट वगैरे नाही. नागपुरात मानेवाड्याला, आमच्या कॉलनीच्या समाजभवनात सकाळी सहाला बायकांचा क्लास घेते. पूर्वी मी फार कडक होते. पाय लांब करून पुढे वाकायचं अन् कपाळ गुडघ्याला लागलंच पाहिजे. नाही लागलं, तर मी मागून दोन्ही तळवे पाठीवर ठेवून अंगाचा भार टाकायची. बायका आधी ओरडायच्या, मग हसायच्या. "मास्तरीणबाईनं इस्त्री केली," म्हणायच्या. मला त्याचा अभिमान होता — खोटं कशाला बोलू!

गेल्या हिवाळ्यात शोभा आली. पन्नाशीची, भिवापूरची, इथे लेकीकडे आलेली. कंबर दुखते म्हणाली. "आखडली असेल, मोकळी करू," मी म्हटलं. कशानं दुखते, विचारलंच नाही. चौथ्या दिवशी ती वाकताना अर्ध्यातच अडकली. मी मागे बसले, तळवे ठेवले, भार टाकणार — तोच माझी दोन्ही मनगटं कोणीतरी धरली.

मुंग्या आल्या, गोळा आला, असलं नाही. बोटं होती. थंड. एकेक वेगळं कळत होतं. मी खाली पाहिलं... माझीच मनगटं. बाकी काही नाही.

"दाबा ना ताई," शोभा वाकल्या वाकल्या म्हणाली, "काहून थांबल्या?"

मला माझाच राग आला. दात आवळून पुन्हा जोर केला. पकड अशी घट्ट झाली की बांगड्या रुतल्या.

"काय वं निर्मला," शेजारच्या सतरंजीवरून पुष्पा म्हणाली, "फोटो काढून राहिलं का कोणी तुझा?"

सगळ्या हसल्या. तळवे पाठीवरून उचलले, तशी पकड सुटली. शोभाला मी उताणं निजवलं, गुडघ्यांखाली चादर गुंडाळून ठेवली. "आज एवढंच," म्हटलं. ती एकदम रडायलाच लागली.

"पंधरा दिवस झाले ताई, मले असं निजताच आलं नाही... गाडीवरून पडली होती मी. लेक ओरडते म्हणून नाही सांगितलं."

त्याच दिवशी लेकीनं एक्स-रे काढून आणला. मणका चेपलेला, तुकडा सरकलेला. वाकवून कोणी जोर दिला असता तर पाय गेले असते, डॉक्टर म्हणाले.

दुपारी भांडी घासताना मनगटांवरचे वळ दिसले. बांगड्यांचे नाही, बोटांचे. पुष्पाला घरी बोलावलं; तिनं त्या वळांवर आपली बोटं बसवून पाहिली. मागून जमेना, बाजूनं जमेना. समोर बसली, तेव्हा तिची बोटं वळांवर बरोबर बसली.

पण तेव्हा माझ्या समोर फक्त शोभाची पाठ होती. अन् तिचे हात तिच्या पायांच्या अंगठ्यांवर.

शोभा आता चालते-फिरते. क्लासमध्ये आता उशा आहेत, खुर्च्या आहेत, अन् आधी मी विचारते — कुठं दुखतं, कधीपासून, काय झालं होतं. ती बोटं कोणाची होती, मला अजूनही माहीत नाही. कोणाच्या पाठीवर हात ठेवला की मी थोडी थांबते... त्या बोटांची वाट पाहते. नाही आली, तरी भार टाकत नाही.